हीथकिट एचडब्ल्यू-१०१: माळ्यावरून संग्रहालयाच्या टेबलावर

देणगीत आलेला जुना रेडिओ संच दारातून आत आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालतो का हो?" कधी कधी देणारे स्वतःच सांगतात, "एकदा लावून बघितला, दिवे लागले." हे ऐकलं की पोटात गोळा येतो. पन्नास वर्षांचा, व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा संच माळ्यावरून काढून थेट प्लगला लावला, तर दिवे लागतातही; पण नंतर दोन मिनिटांत काय होईल याची खात्री कोणी देऊ नये.

आमचं संग्रहालय अमेरिकेत आहे, हौशी रेडिओचं आणि घरी जुळवायच्या इलेक्ट्रॉनिक किटचं. पगारी माणूस एकही नाही, सगळे स्वयंसेवक. इथे लिहिली आहे ती हीथकिटचा एचडब्ल्यू-१०१ हा ट्रान्सीव्हर (एकाच डब्यात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर) आणि त्याचा एचपी-२३बी हा पॉवर सप्लाय पुन्हा चालू करण्याची आमची रीत. संच दुसरा असला तर आकडे बदलतात, क्रम बदलत नाही. घरात आजोबांचा एखादा असा संच असेल तर वाचून मगच हात लावा, आणि आत ८२० व्होल्ट असतात हे एवढं आधी लक्षात ठेवा.

हीथकिट काढणारी हीथ कंपनी मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची. १९४७ साली तिने युद्धातून उरलेले सुटे भाग वापरून ऑसिलोस्कोपचं किट काढलं, किंमत ३९.५० डॉलर. तयार उपकरणाच्या मानाने ती इतकी कमी होती की पुढची साडेचार दशकं कंपनी किटवरच चालली. १९९२ मध्ये किटं बंद झाली. एचडब्ल्यू-१०१ बाजारात आला १९७० साली. ८० मीटरपासून १० मीटरपर्यंतचे पाच बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे), वीस व्हॉल्व्ह, शेवटच्या टप्प्यात ६१४६ या ताकदीच्या व्हॉल्व्हची जोडी, ३.३९५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल फिल्टर, आणि ५ ते ५.५ मेगाहर्ट्झचा ट्रान्झिस्टरवर चालणारा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर). यातलं जवळजवळ काहीही कारखान्यात जोडलेलं नसायचं. पिशव्यांमधून रेझिस्टर यायचे, तारेची भेंडोळी यायची, मोकळं चॅसी यायचं, आणि सोबत एक जाडजूड मॅन्युअल.

मॅन्युअलकडे आम्ही संचाइतकंच लक्ष देतो. प्रत्येक पायरीच्या आधी रिकामा कंस छापलेला असतो. पायरी झाली की त्यात खूण करायची. वायरिंगच्या पायऱ्यांत जोडाच्या जागेनंतर एनएस किंवा एस-१, एस-२, एस-३ असं लिहिलेलं असतं. एनएस म्हणजे तार फक्त अडकवून ठेवा, सोल्डर नको, कारण याच टॅगवर (तारा अडकवायच्या धातूच्या छोट्या कडीवर) अजून तारा यायच्या आहेत. एस-३ म्हणजे आता तिन्ही तारा आल्या, सोल्डर द्या. पेन्सिलीच्या खुणा, मार्जिनमध्ये लिहिलेली मोजमापं, एखाद्या पानावर सोल्डरचा डाग, हे सगळं बांधणाऱ्याचं आहे. म्हणून मॅन्युअल आधी स्कॅन होतं आणि मगच कोणाच्या हातात पडतं. कार्यशाळेत छापील प्रत वापरायची, मूळ प्रत पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात. पीव्हीसीची पाकिटं स्वस्त मिळतात, पण काही वर्षांत छपाई उचलून स्वतःला चिकटवून घेतात.

किट आणि कारखान्याच्या मालात संग्रहालयाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. कारखान्यातून आलेल्या एका मॉडेलचे सगळे संच आतून सारखे दिसतात. किटचं तसं नाही. दोन एचडब्ल्यू-१०१ उलटे करून शेजारी ठेवले तर एकात तारा फूटपट्टीने आखल्यासारख्या, दुसऱ्यात सोल्डरचे गोळे. तो फरक हीच वस्तू आहे आमच्यासाठी. म्हणून वेडीवाकडी वायरिंग आम्ही सरळ करत नाही. बदलायचं ते फक्त तीन कारणांसाठी: माणसाला धोका, संचाला धोका, किंवा आवाजच येत नाही. काढलेला प्रत्येक भाग नाव, जागा आणि तारीख लिहून छोट्या पिशवीत संचाच्या खोक्यात परत जातो. पुढे कोणाला सगळं पूर्ववत करावंसं वाटलं तर करता यावं.

नोंदणीचं काम थोडक्यात उरकतं. नोंद क्रमांक मागच्या बाजूला, पॅरालॉइड बी-७२ चा पातळ थर देऊन त्यावर शाईने, म्हणजे अॅसिटोनने पुसता येतो. सगळ्या बाजूंनी फोटो, झाकण काढून आतले फोटो. हे झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलायचा नाही.

मग नुसतं बघणं. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, वितळलेलं मेण, फुगलेले कपॅसिटर, भुगा झालेले रबरी ग्रोमेट. टॅगवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर बांधणाऱ्याने अॅसिड फ्लक्स वापरलं असावं. कंपनीने मॅन्युअलमध्ये बजावून सांगितलं होतं की अॅसिड-कोअर सोल्डर किंवा पेस्ट वापरली तर वॉरंटी रद्द. तरी नळकामाचं सोल्डर हाताशी होतं म्हणून वापरलेलं सापडतंच. असा संच आम्ही चालू करायच्या भानगडीत पडत नाही; तारा आतून खाल्लेल्या असतात. तो काचेच्या कपाटात जातो.

व्हॉल्व्ह काढताना कोणता कुठल्या सॉकेटमधला ते लिहून ठेवायचं आणि काचेवरचं छापलेलं नाव बोटाने पुसायचं नाही. ती शाई ओल्या फडक्याने सहज जाते आणि मग ६एयू६ कोणता नि ६एचएस६ कोणता हे ओळखत बसा. धूळ मऊ ब्रशने, अक्षरं सोडून. पुढच्या पॅनेललाही अल्कोहोल लावू नये. साबणाचं पाणी पिळून काढलेलं फडकं पुरतं.

आता सप्लाय. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. एचपी-२३बी मधून चार गोष्टी निघतात: व्हॉल्व्हच्या हीटरसाठी १२.६ व्होल्ट एसी, २५० किंवा ३०० व्होल्टचा कमी दाबाचा डीसी, बायससाठी (व्हॉल्व्हचा करंट आवरायला) उणे १३० व्होल्ट, आणि ६१४६ च्या प्लेटसाठी बिनलोडचे सुमारे ८२० व्होल्ट. हे सगळं अकरा पिनांच्या एकाच प्लगमधून संचाकडे जातं. शिवाय चालू-बंदचा स्विच संचाच्या पॅनेलवर असल्यामुळे मेन्सही त्याच केबलमधून जाऊन परत येतो. त्या काळी यात कोणाला वावगं वाटत नसे. आज ती केबल तडकलेली असेल तर दुसरा विचार न करता पूर्ण बदलतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि तोच इन्सुलेटर. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की हा थर झिजतो, गळती वाढते, गळतीने आतलं द्रावण तापतं, वाफ धरते आणि डबा फुटतो. व्होल्टेज हळूहळू चढवून थर पुन्हा बसवता येतो, आणि तसं करून जुने कपॅसिटर चालवणारे जाणकार आहेत. आम्ही करत नाही. जिथे शाळेची मुलं टेबलाला चिकटून उभी राहतात तिथे पन्नास वर्षांच्या डब्यावर भरवसा ठेवायचा नाही. मूळचे १२५ मायक्रोफॅरॅड, ४५० व्होल्टचे. त्यांच्या जागी १५० मायक्रोफॅरॅड, ४५० व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअसचे बसतात. नवे आकाराने इतके लहान असतात की जुना डबा तळाशी बारीक करवतीने कापून, आतला मगज काढून, नवा कपॅसिटर आत ठेवता येतो. वरून बघणाऱ्याला जुनाच डबा दिसतो. कापताना हातमोजे घाला, आतलं द्रावण कातडीला लागू देऊ नका, आणि डब्याच्या आत बदलल्याची तारीख लिहा. नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी तो अस्सल समजून फसेल.

ब्लीडर रेझिस्टरही, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारे, बदलतो. व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या डबलरमधल्या प्रत्येक कपॅसिटरवर सुमारे ४१० व्होल्ट असतात. त्याला समांतर १०० किलोओम, ५ वॅट. उष्णता होते पावणेदोन वॅटच्या आसपास, म्हणजे ५ वॅटचा रेझिस्टर आरामात राहतो. १५० मायक्रोफॅरॅड गुणिले १०० किलोओम म्हणजे १५ सेकंद. बंद केल्यावर सव्वा मिनिटात व्होल्टेज उतरतं. पण ब्लीडर तुटलेला असेल तर उतरतच नाही, आणि दोन कपॅसिटरमध्ये मिळून २५ ज्यूल साठलेले असतात, जीव घ्यायला पुरेसे. म्हणून मीटरने बघितल्याशिवाय आत हात नाही. डिस्चार्जसाठी इन्सुलेटेड दांड्याला १० किलोओम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर बांधलेला आहे. टोक चार-पाच सेकंद धरून ठेवायचं, नंतर पुन्हा मीटर. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे लोक नव्या कपॅसिटरचं आणि डायोडचं आयुष्य कमी करतात, दुसरं काही नाही. डायोडवरून आठवलं, जुने सिलिकॉन डायोड काढून १एन४००७ लावायचे; खर्च नगण्य.

मेन्सची दोरी तीन तारांची, अर्थ चॅसीला नीट बोल्टने. एचपी-२३बी च्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीच्या दोन गुंडाळ्या आहेत: १२० व्होल्टला समांतर, २४० ला मालिकेत. भारतात असा सप्लाय हाताशी आला तर पहिलं काम ही जोडणी डोळ्यांनी बघणं. समांतर राहिलेल्या गुंडाळ्यांना २३० व्होल्ट दिले की ट्रान्सफॉर्मर गेलाच, आणि तो पुन्हा गुंडाळून घेणं सोपं नाही.

सप्लाय संचापासून वेगळा तपासायचा. स्विच संचात असल्यामुळे सप्लाय एकटा चालू होत नाही, म्हणून आम्ही अकरा पिनांचा एक चाचणी-प्लग करून ठेवला आहे. त्यात स्विचच्या दोन पिना मॅन्युअलची आकृती बघून आतल्या आत जोडलेल्या आहेत. मेन्सच्या मालिकेत १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, म्हणजे आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन वापरतात तोच सिरीज बोर्ड. एलईडीचा बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. लखलखतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. मग बल्ब काढून व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) ३०, ६०, ९०, ११५ असं चढवत प्रत्येक टप्प्याला चारही व्होल्टेज लिहायची. मीटर आणि त्याच्या तारा १००० व्होल्टच्या हव्यात. सगळ्यात आधी बघायचा तो बायस. उणे १३० नसेल तर ६१४६ ला लगाम नाही. प्लेट लाल होऊन जोडी मिनिटाभरात जाते.

इथला आजचा मेन्स १२० च्या वरच असतो आणि हे संच कमी व्होल्टेज धरून आखलेले आहेत. हीटर १३ च्या वर चालले तर व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात. प्रदर्शनातही व्हेरिअॅक ११५ वर बांधूनच ठेवतो.

संचाला पहिल्यांदा वीज देताना ८२० व्होल्टची तार सप्लायच्या बाजूलाच सोडवून, टोक झाकून ठेवायची. ६१४६ सॉकेटमधून काढून टाकावेत असं काही जण सुचवतात. ते नको. ६.३ व्होल्टचे हीटर १२.६ वर चालवायचे म्हणजे ते मालिकेत जोडलेले असणार. एक काढला की जोडीदार विझतो, नाहीतर शेजाऱ्यावर जास्त व्होल्टेज पडतं. व्हॉल्व्ह जागेवर राहू देत. मायक्रोफोन आणि मोर्स की मात्र काढून ठेवा, म्हणजे चुकून ट्रान्समिट होणार नाही. प्लेटला व्होल्टेज नसताना ट्रान्समिट झालं तर सगळा भार स्क्रीन ग्रिडवर जातो आणि ती जळते.

वीज देण्याआधी मॅन्युअलमधला रेझिस्टन्सचा तक्ता घेऊन मीटरने फिरायचं. जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर दमट हवेत वर सरकतात. सगळे एक पाय उचलून मोजायची गरज नाही. सर्किटमध्ये मोजताना समांतर वाटांमुळे आकडा छापील किमतीपेक्षा कमी येऊ शकतो, जास्त येऊ शकत नाही. तेव्हा छापील किमतीहून सहनमर्यादेबाहेर जास्त आला की तो गेलाच समजा. फक्त कपॅसिटरवर उरलेला चार्ज मीटरला फसवत नाही ना तेवढं बघा, प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. कमी आलेल्यांचाच पाय उचलून खात्री करायची. या एका युक्तीने काम निम्मं होतं. बदली रेझिस्टर त्याच जागी, आणि सोल्डर शिसं-कथिलाचं, ६०/४० किंवा ६३/३७. जुना जोड शिशाचाच आहे. त्यावर बिनशिशाचं सोल्डर मिसळलं तर जोड भुरभुरीत आणि तापमान उगीच जास्त.

बँड स्विचच्या चकत्यांवर काळा थर असतो. डीऑक्सिट हे संपर्क साफ करायचं द्रव बारीक ब्रशने फक्त संपर्काच्या जागी लावायचं आणि स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवायचा. फवारा मारला तर तो चकतीत मुरतो आणि व्हीएफओच्या आसपास पोचला तर फ्रिक्वेन्सी दिवसभर भटकते. व्हीएफओच्या डब्याला हात लावायचाच नाही. रिलेच्या संपर्कांमधून साध्या कागदाची पट्टी ओढायची. पॉलिश पेपर नको.

या संचात रिसीव्ह चालू झालं, पण अर्धवट. आवाज येई, टेबलाला धक्का लागला की जाई, दुसऱ्या धक्क्याला परत येई. असा दोष शोधायचं हत्यार म्हणजे जेवणाची लाकडी चॉपस्टिक. स्पीकर चालू ठेवून, दुसरा हात खिशात ठेवून, एकेक टॅग हळूच दाबत जायचं. ऑडिओ आउटपुटच्या ६जीडब्ल्यू८ जवळच्या पट्टीवर आवाज तुटला. भिंगातून बघितलं तर टॅगवर तीन तारा: वरच्या दोन सोल्डरमध्ये बुडालेल्या, तिसरी खालच्या भोकात नुसती पिळलेली, तांबं काळं पडलेलं. मॅन्युअलमध्ये त्या टॅगच्या तिन्ही पायऱ्यांवर पेन्सिलीची ठसठशीत खूण, शेवटच्या पायरीला एस-३. सोल्डर वरून दिलं गेलं, खालपर्यंत पोचलं नाही. नुसत्या पिळ्यावर संच चालला असणार, तांबं काळं पडेपर्यंत. मुंबई-पुण्याचे मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात. काटेकोर बोलायचं तर हा सोल्डर नसलेला जोड. तार खरवडून थोडं रोझिन फ्लक्स आणि सोल्डर दिलं, बाकीच्या दोन जोडांना हात लावला नाही. त्या पानाची प्रत आता संचाशेजारी मांडलेली आहे, टॅगच्या फोटोसकट.

कॉइलच्या आतले लोखंडी गाभे फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. टाळा. षटकोनी भोकात मापाचं प्लॅस्टिकचं हत्यार घातलं नाही तर गाभा तडकतो आणि तसाच अडकून बसतो. आतल्या १०० किलोहर्ट्झ कॅलिब्रेटरचा सूर दुसऱ्या रिसीव्हरवर डब्ल्यूडब्ल्यूव्ही या अमेरिकेच्या प्रमाण-वेळ केंद्राच्या १० मेगाहर्ट्झशी जुळवून घेतला आणि प्रत्येक बँडवर तो स्वच्छ ऐकू आला, की अलाइनमेंट बरी आहे असं धरून पुढे जायचं.

ट्रान्समिटसाठी ८२० व्होल्टची तार परत जोडायची, झाकण बसवायचं, आउटपुटला अँटेनाऐवजी ५० ओमचा डमी लोड आणि वॅटमीटर. मायक्रोफोनचा गेन शून्यावर ठेवून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबायचं आणि बायसच्या पोटेन्शिओमीटरने स्थिर करंट ५० मिलिअँपियरवर आणायचा. काटा हळूहळू वर सरकत राहिला तर व्हॉल्व्हमध्ये वायू आहे किंवा ग्रिडकडचा कपॅसिटर गळतोय. दोन्ही ६१४६ एकाच जातीचे हवेत. जुन्या संचात ६१४६बी घातले की काही वेळा न्यूट्रलायझेशन (व्हॉल्व्ह स्वतःच ऑसिलेट होऊ नये म्हणून केलेली जुळणी) जुळता जुळत नाही. इथे साधे ६१४६ होते आणि शाबूत निघाले, म्हणून तेच ठेवले.

न्यूट्रलायझेशनची परीक्षा अशी: ट्यूनवर ठेवून प्लेटचा कंट्रोल फिरवताना करंट जिथे सगळ्यात कमी होतो, तिथेच आउटपुट सगळ्यात जास्त यायला हवं. दोन जागा वेगळ्या आल्या तर बिघडलेलं आहे. मग सप्लाय बंद, डिस्चार्ज, मॅन्युअलप्रमाणे न्यूट्रलायझिंग कपॅसिटरची जुळणी, आणि पुन्हा परीक्षा. की दाबून ठेवायची ती दहा सेकंदांच्या वर नाही. मध्ये निदान तेवढीच विश्रांती. कंपनीने ८० ते १५ मीटरला १०० वॅट आणि १० मीटरला ८० वॅट सांगितले होते. जुन्या जोडीकडून तेवढे पिळून काढण्यात काही अर्थ नाही. आम्ही लोड कमी ठेवून ६०-७० वर थांबतो.

प्रदर्शनात अकरा पिनांच्या प्लगवर पारदर्शक आच्छादन स्क्रूने पक्कं केलेलं आहे आणि सप्लाय टेबलाखाली जाळीच्या पेटीत आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार परवानाधारक कंट्रोल ऑपरेटर शेजारी असेल तर बिनपरवाना पाहुण्यालाही मायक्रोफोनवर बोलता येतं, त्यामुळे मुलांची रांग लागते. व्हीएफओ स्थिर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून दार उघडायच्या तासभर आधी संच चालू करावा लागतो. महिन्यातून एकदा तरी चालवायचा. सोडून दिला तर रिले आणि स्विच पुन्हा काळे.

शेजारच्या टेबलावर हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स या घरी बांधायच्या ट्रान्सीव्हरचा संच ठेवला आहे. त्यांचं कॉलसाइन व्हीयू२ईएसई. पहिला आराखडा भारतातल्या बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंवर बेतलेला होता: बीसी५४७ सारखे ट्रान्झिस्टर, टीव्हीचे बलून (अँटेना जोडायचे छोटे ट्रान्सफॉर्मर), कॉइल गुंडाळायला नळाचा वॉशर, आणि शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा पॉवर ट्रान्झिस्टर. पुढे २०१६ मध्ये आलेला बिटएक्स-४० तयार बोर्डवर मिळू लागला; घरी जोडायचं ते फक्त पोटेन्शिओमीटर, सॉकेटं आणि डबा. १२ व्होल्टवर सुमारे ७ वॅट. हात शिकवायचे असतील तर आम्ही पाहुण्यांना याच टेबलाकडे पाठवतो. आतल्या आयआरएफ५१० चा स्थिर करंट १०० मिलिअँपियरच्या आसपास लावायचा, आणि लावताना सप्लायची करंट लिमिट १ अँपियरवर ठेवायची. पोटेन्शिओमीटर कमीत कमी टोकाला आहे याची खात्री न करता वीज दिली तर आयआरएफ५१० उडतो, पण तो बदलायला पाच मिनिटं लागतात आणि बाजूच्या खणात मूठभर ठेवलेले आहेत. ६१४६ च्या मात्र दोनच जादा जोड्या उरल्या आहेत, त्यामुळे मोठ्या टेबलावर ट्यून करायला फक्त स्वयंसेवकच बसतो.